हवामान केंद्राच्या नोंदींची आपोआप तपासणी : कोणती चाळणी आधी, कोणती नंतर

शेतावर, शाळेच्या गच्चीवर किंवा पाणलोटाच्या कामासाठी स्वयंचलित हवामान केंद्र बसवलं, दर पंधरा मिनिटांनी नोंदी यायला लागल्या, की खरं काम सुरू होतं. आलेल्या आकड्यांतले विश्वास ठेवण्याजोगे किती, हे रोज कोण बघणार? म्हणून संगणकाला तपासणी लावून दिली जाते, आणि इथेच गडबड होते. बहुतेक जण एक कमाल-किमान मर्यादा टाकतात, तिच्या बाहेरचं सगळं पुसतात आणि रिकाम्या जागी शून्य भरून मोकळे होतात. ऑक्टोबरात पावसाची बेरीज लागत नाही तेव्हा मागे वळून बघायला मूळ आकडेच उरलेले नसतात.

मी गेली काही वर्षं अशा केंद्रांच्या नोंदी रोज सकाळी बघतो. मदतीसाठी विचारणाऱ्यांच्या चुका बहुतेक वेळा क्रमाच्या असतात, म्हणून इथे क्रमानं सांगतो. उदाहरणं पाऊस, तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा यांची आहेत. नदीची पातळी किंवा हवेतली धूळ मोजत असाल तर मर्यादा बदलतील, क्रम बदलणार नाही.

एक नियम आधीच पक्का करा. आपोआप तपासणी कुठलीही नोंद पुसणार नाही आणि बदलणार नाही. ती फक्त नोंदीवर खूण करेल. मूळ आकडा जसा आला तसा एका तक्त्यात कायम राहील.

## तयारी : केंद्राचं कार्ड आणि देखभालीची वही

प्रत्येक केंद्राचं एक पानी कार्ड करा. त्यावर अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, प्रत्येक सेन्सरचा प्रकार आणि तो बसवल्याची तारीख हवी. याशिवाय चार गोष्टी लोक हमखास विसरतात :

१. लॉगरचं (नोंदी साठवून पाठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ भारतीय वेळेवर आहे की यूटीसीवर, म्हणजे साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर.
२. नोंदीवरची वेळ त्या पंधरा मिनिटांच्या सुरुवातीची आहे की शेवटची.
३. पावसाचा आकडा त्या पंधरा मिनिटांचा आहे की सकाळपासून साठत आलेला.
४. टिपिंग बकेटचा (पर्जन्यमापकातल्या, भरली की उलटणाऱ्या छोट्या बादलीचा) एक ठोका, म्हणजे एक उलटणं, किती मिलिमीटरचा : ०.२, ०.२५ की ०.५.

चौथ्या मुद्द्यानं माझा एक अख्खा हंगाम खाल्ला आहे. बकेट ०.५ मिलिमीटरची होती आणि लॉगरमध्ये ०.२ भरलं होतं. म्हणजे पडलेल्या पावसापैकी पाचात दोन हिस्सेच नोंदीत उतरत होते. एकही तपासणी ओरडली नाही, कारण प्रत्येक आकडा सुटा बघितला तर अगदी शक्य कोटीतला होता. शेजारच्या घरी एक आजोबा साध्या पर्जन्यमापकावर रोजचा पाऊस वहीत लिहायचे, त्यांच्या वहीमुळे हे कळलं. मूळ नोंदी शाबूत होत्या म्हणून अडीचपट करून हंगाम वाचवता आला.

म्हणून संगणकाकडे वळण्याआधी पर्जन्यमापकाची हातानं परीक्षा घ्या. नरसाळ्याचा व्यास २०० मिलिमीटर असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ३१४ चौरस सेंटिमीटर होतं. ०.२ मिलिमीटर पाऊस म्हणजे ६.२८ मिलिलिटर पाणी. तेव्हा ६२८ मिलिलिटर पाणी मोजून घ्या आणि सलाईनच्या रिकाम्या बाटलीतून नळीनं थेंबथेंब सोडा. अर्धा-पाऊण तास लागला पाहिजे. ठोके १०० पडायला हवेत. ९७ ते १०३ मध्ये आले तर मी पुढे जातो. घाईनं ओतलंत तर बकेट उलटत असताना वरून पडणारं पाणी मोजलंच जात नाही आणि ठोके कमी भरतात. जोरदार सरीत हेच घडतं, म्हणून मोठ्या पावसात टिपिंग बकेट थोडी कमी दाखवते हेही लक्षात ठेवा.

सावधान : ही परीक्षा चालू असताना लॉगर नोंदी घेतच असतो. कोरड्या दिवशी २० मिलिमीटर पाऊस चढायला नको असेल तर देखभालीच्या वहीत तारीख आणि वेळ लिहा, आणि ती वही तपासणीला जोडा. वहीतल्या वेळेत आलेल्या नोंदींवर आपोआप ‘देखभाल’ अशी खूण पडली पाहिजे.

## टप्पा १ : नोंद पोचली का, आणि वेळेवरची आहे का

दर पंधरा मिनिटांना एक म्हणजे दिवसाला ९६ नोंदी. पहिली तपासणी मोजणीचीच. किती आल्या, किती दोनदा आल्या, किती उशिरा आल्या. डोंगराळ भागात रेंज गेली की लॉगर नोंदी साठवतो आणि रात्री एकदम पाठवतो. मोडेमला पोच मिळाली नाही तर तीच नोंद पुन्हा येते. त्यामुळे मोजल्याची वेळ आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ असे दोन वेगळे कॉलम ठेवा, आणि सगळ्या तपासण्या मोजल्याच्या वेळेनुसार लावून मगच चालवा. आलेल्या क्रमानं चालवल्यात तर पुढच्या टप्प्यातल्या ‘उडी’च्या तपासणीत खोट्या उड्यांचा पाऊस पडेल.

घड्याळाची बॅटरी संपली की लॉगर १ जानेवारी १९७० किंवा १ जानेवारी २००० ला जाऊन बसतो. अशी नोंद आणि भविष्यातल्या वेळेची नोंद पुढे जाऊ देऊ नका. तारखेची मांडणीही ठरवून घ्या. ७/८ म्हणजे ७ ऑगस्ट की ८ जुलै, हे दोन्ही तारखा पावसाळ्यातल्या असल्यामुळे आकड्यांवरून कळत नाही.

पडताळा : घड्याळ बरोबर आहे का हे सूर्याला विचारा. निरभ्र दिवशीचा ऊन मोजणाऱ्या सेन्सरचा आलेख काढा. महाराष्ट्रात भारतीय वेळेनुसार ऊन साडेबाराच्या आसपास सर्वाधिक असतं, ऋतूप्रमाणे पाव तास इकडेतिकडे. तुमच्या आलेखात शिखर सकाळी सातला दिसलं, तर घड्याळ यूटीसीवर आहे.

आणि पावसाचा दिवस. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो, आणि बेरीज संपल्याच्या तारखेला लागते. १४ जुलैच्या रात्री कोसळलेला पाऊस १५ जुलैच्या नावावर जातो. तुम्ही मध्यरात्र ते मध्यरात्र बेरीज करून खात्याच्या आकड्याशी ताडून बघत असाल तर दोघंही बरोबर असताना रोज फरक दिसेल.

सावधान : न आलेली नोंद म्हणजे शून्य पाऊस नव्हे. रिकामं ते रिकामंच ठेवा. ही एकच गोष्ट पाळलीत तरी निम्म्या चुका टळतील.

## टप्पा २ : आकडा खरंच आकडा आहे का

हे काम छोटं आहे, पण मर्यादेच्या आधी व्हायला हवं. बरेच लॉगर सेन्सर बंद पडला की −९९९९ पाठवतात. डीएस१८बी२० हा स्वस्त आणि सर्रास वापरला जाणारा तापमानाचा सेन्सर वीज येताच मोजणी न करता ८५ अंश सांगतो, आणि तार तुटली तर तो वाचणारी नेहमीची संगणक-प्रणाली −१२७ दाखवते. हे आकडे ‘जास्त तापमान’ किंवा ‘थंडी’ नाहीत, ते सेन्सरचे निरोप आहेत. त्यांना ‘गायब’ ही खूण द्या आणि कारण लिहा. सरासरीत एक जरी −९९९९ शिरला तर दिवसभराचं तापमान उणे ऐंशीच्या आसपास जाऊन बसतं.

## टप्पा ३ : मर्यादा, पण दोन पायऱ्यांच्या

एकच मर्यादा ठेवू नका. एक ‘अशक्य’ची आणि तिच्या आत एक ‘संशया’ची.

अशक्य म्हणजे सेन्सरच्या किंवा निसर्गाच्या पलीकडचं. आर्द्रता उणे, वाऱ्याची दिशा ३६० अंशांच्या वर, पाऊस उणे. आर्द्रता १०१ किंवा १०२ आली तर मात्र घाबरू नका. पावसाळ्यात जुना सेन्सर थोडा वर जातो, त्याला संशय पुरे. रात्री ऊन मोजणारा सेन्सर उणे दोन-तीन वॅट दाखवतो तेही नेहमीचं आहे.

संशयाची मर्यादा केंद्रागणिक आणि महिन्यागणिक वेगळी लागते. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाचच्या खाली जातो हे खरं आहे. रत्नागिरीच्या केंद्रावर तोच आकडा आला तर आधी तार तपासा.

पावसाची मर्यादा ठरवताना २६ जुलै २००५ डोळ्यांपुढे ठेवा. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ‘दिवसाला पाचशेच्या वर म्हणजे बिघाड, पुसून टाका’ असा नियम कुणी लावला असता, तर मुंबईच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा यंत्रानंच खाल्ला असता. म्हणून पावसाच्या वरच्या टोकाला ‘नापास’ नको, संशयच ठेवा आणि माणसाला उठवा.

मर्यादेला काय जमतं आणि काय जमत नाही, हे मे २०२४ च्या अखेरीस दोन ठिकाणी दिसलं. नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. असा आकडा साधी मर्यादाही पकडते. दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या केंद्रानं २९ मे रोजी ५२.९ अंश दाखवले, आणि नंतर प्रमाणित उपकरणाशी ताडून बघितल्यावर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता. तीन अंशांनी सरकलेला सेन्सर जानेवारीत कुठलीच मर्यादा ओलांडत नाही. त्याला पकडायला टप्पा ५ आणि ६ लागतात.

पडताळा : बॅटरीचा व्होल्टेज हाही एक सेन्सर समजा. बारा व्होल्टची बॅटरी साडेअकराच्या खाली गेली की त्या वेळच्या बाकीच्या सगळ्या नोंदींवर संशयाची खूण टाका. पावसाळ्यात आठवडाभर ऊन नसलं, की सगळे सेन्सर एकाच वेळी वेड्यासारखे वागतात. कारण बहुतेक वेळा हेच असतं.

## टप्पा ४ : उडी आणि गोठलेला आकडा

एकच नोंद मागच्या-पुढच्या नोंदींपासून फटकून असेल तर ती टोचणी. मागच्या आणि पुढच्या नोंदीची सरासरी काढा आणि मधली तिच्यापासून किती दूर आहे ते बघा. यासाठी पुढची नोंद हातात हवी, म्हणून निकाल पंधरा मिनिटं उशिरा लागतो. तोवर त्या नोंदीवर ‘न तपासलेली’ ही खूण असू द्या. घाई करून ‘चांगली’ देऊ नका.

उडीची मर्यादा आयती उचलून आणू नका. एप्रिल-मे मध्ये वळीव येतो तेव्हा ३८ वर असलेलं तापमान अर्ध्या तासात आठ-दहा अंशांनी खाली येतं, आणि ती नोंद शंभर टक्के खरी असते. म्हणून मी खाली जाण्याला आणि वर चढण्याला वेगळी मर्यादा लावतो. तापमान झपकन उतरलं आणि त्याच वेळी आर्द्रता चढली किंवा वारा उठला, तर माफ. नुसतंच तापमान उतरलं आणि बाकी सगळं जागच्या जागी असेल, तर संशय. पंधरा मिनिटांत आठ अंश वर जाणं मात्र मी कधी खरं निघालेलं पाहिलेलं नाही.

गोठलेला आकडा उलट प्रकारचा. जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे तासाभरात तापमान ०.१ अंशानंही हललं नाही तर शंका घ्यावी. कोरड्या हंगामात हे चालतं. जुलैत आंबोलीला किंवा महाबळेश्वरला हाच नियम लावलात तर दिवसभर घंटा वाजत राहील. ढग जमिनीला टेकलेले असतात, आर्द्रता दिवस-दिवस १०० वर बसून असते, तापमान जेमतेम हलतं. पावसाळ्यासाठी मी तापमानाला सहा तास देतो, आणि ९५ च्या वरच्या आर्द्रतेला ही तपासणी लावतच नाही. पावसाचं शून्य, रात्रीच्या उन्हाचं शून्य आणि शांत रात्री वाऱ्याचं शून्य यांनाही वगळा. वारा मात्र भर दुपारी दोन-दोन दिवस शून्य असेल तर वारा मोजणाऱ्या फिरत्या कपांचं बेअरिंग अडकलंय.

## टप्पा ५ : एकाच केंद्रावरचे सेन्सर एकमेकांना दुजोरा देतात का

माझ्या अनुभवात सर्वाधिक खरे बिघाड इथे सापडतात, आणि लोक नेमका हाच टप्पा गाळतात.

सोपे नियम आधी लावा. किमान ≤ सरासरी ≤ कमाल. वाऱ्याचा झोत सरासरी वेगापेक्षा कमी असू शकत नाही. दवबिंदू (ज्या तापमानाला दव धरायला लागतं) हवेच्या तापमानाच्या वर जाऊ शकत नाही. मध्यरात्री ऊन असेल तर टप्पा १ कडे परत जा.

मग पावसाचे नियम. आर्द्रता ३५ टक्के, ऊन ८०० वॅट आणि तरी दोन मिलिमीटर पाऊस? तिथे तुषार सिंचन सुरू आहे, फवारणीचा पंप जवळून गेला आहे किंवा कुणीतरी सेन्सर धुतला आहे. खूण करा आणि फोन लावा.

तुंबलेलं नरसाळं ओळखायला मात्र आकार बघावा लागतो. एका जूनमध्ये आमच्या एका केंद्रानं संध्याकाळच्या जोरदार सरीनंतर रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दर पंधरा मिनिटांना नेमका एक ठोका दिला. ०.२, ०.२, ०.२, न चुकता. आजूबाजूला पाऊस सहालाच थांबला होता, सकाळी लख्ख ऊन होतं. जाऊन झाकण काढलं तर जाळीवर पाखरांच्या विष्ठेचा आणि पानांचा चिखल बसलेला. वर पाण्याचं डबकं, खाली सुईच्या टोकाएवढ्या वाटेनं थेंब पडत होते. बकेटच्या कडेला कुंभारीण माशीनं मातीचं घरटंही बांधायला घेतलं होतं. अशा वेळी दिवसाची बेरीज साधारण बरोबर येते, पण सरीचा जोर पूर्ण हरवतो, आणि नरसाळं भरून वाहिलं तर बेरीजही जाते.

त्यावरून केलेला नियम असा : सलग आठ नोंदींत प्रत्येकी एक-दोनच ठोके, आर्द्रता ७० च्या खाली आणि ऊन ३०० वॅटच्या वर असेल तर ‘नरसाळं बघा’. उलट बाजू म्हणजे आर्द्रता सहा-सात तास ९८, तापमान उतरलेलं, ऊन नाही, आणि पाऊस शून्य. ही पूर्ण बंद वाट असू शकते. एकट्या केंद्रावरून ठरवू नका, पुढच्या टप्प्यात विचारा.

## टप्पा ६ : शेजाऱ्यांना विचारा, पण कोणत्या?

हा टप्पा शेवटीच. आधीच्या चाळण्यांतून न गेलेला शेजारी साक्षीला घेतलात तर खराब केंद्र चांगल्याला खोटं पाडेल.

अंतरावरून शेजारी ठरवू नका. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. नकाशावर दोघं शेजारी, पावसाच्या दृष्टीनं दोन वेगळी राज्यं. घाटमाथा, मावळपट्टी आणि पूर्वेचा कोरडा पट्टा असे गट पाडा आणि गटातच तुलना करा. तापमानासाठी आधी उंचीचा फरक काढून टाका. किलोमीटरला साधारण साडेसहा अंश धरले तर सुरुवातीला पुरतं.

पावसाची पंधरा मिनिटांची तुलना निरर्थक आहे. वळीव रस्त्याच्या एका बाजूला पडतो आणि दुसरी बाजू कोरडी राहते. दिवसाची तुलना मोसमी पावसात, आठवड्याची इतर वेळी. मला सर्वात उपयोगी पडते ती हंगामाची साठत जाणारी बेरीज. तुमच्या केंद्राची एका अक्षावर आणि गटाच्या सरासरीची दुसऱ्या अक्षावर मांडली तर रेघ साधारण सरळ जाते. एखाद्या तारखेपासून ती कायमची वाकली तर त्या तारखेला काहीतरी झालं आहे. देखभालीच्या वहीत तीच तारीख शोधा.

सावधान : फक्त शेजाऱ्याच्या साक्षीवर कुठलीही नोंद ‘नापास’ करू नका, जास्तीत जास्त संशय. २६ जुलै २००५ लाच कुलाब्याला ७३.४ मिलिमीटर पाऊस झाला होता. एकाच शहरात, एकाच दिवशी, सांताक्रूझच्या तेराव्या हिश्श्याहून थोडासाच जास्त.

## टप्पा ७ : खुणा कशा ठेवायच्या

स्वतःची नवी पद्धत काढण्याची गरज नाही. समुद्रातल्या मोजणीसाठी अमेरिकेत रूढ झालेली क्वार्टॉडची खूणपद्धत मी इथेही वापरतो : १ चांगली, २ न तपासलेली, ३ संशयास्पद, ४ नापास, ९ गायब. प्रत्येक तपासणीचा निकाल वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि सगळ्यांत वाईट निकाल तो नोंदीचा एकूण निकाल धरा. नुसता एकूण निकाल साठवलात तर सहा महिन्यांनी ही नोंद कशामुळे अडकली होती ते कुणालाच सांगता येत नाही. माणसानं बघून दिलेला निर्णयही आणखी एका कॉलममध्ये, आपोआप खुणेवर न लिहिता.

दिवसाच्या बेरजेसाठी मी ९६ पैकी किमान ९० चांगल्या नोंदी मागतो. कमी असतील तर बेरीज देतो, पण ‘अपूर्ण’ लिहून.

प्रत्येक खुणेला मोबाईलवर निरोप लावू नका. तीन दिवसांत सगळे तो निरोप न वाचता पुसायला लागतात. सकाळी नऊला एकच गोषवारा पुरे. लगेच निरोप फक्त दोन गोष्टींना : केंद्र तीन तास गप्प, आणि बॅटरी खाली.

## टप्पा ८ : सुरू करण्याआधी जुन्या नोंदींवर चालवा

मागच्या वर्षाच्या मूळ नोंदी घ्या आणि सगळी साखळी त्यांच्यावरून फिरवा. मग तपासणीगणिक किती नोंदी अडकल्या ते मोजा. एखादी तपासणी महिन्यातल्या दर दहा नोंदींमागे एक अडकवत असेल तर बिघाड बहुधा मर्यादेत आहे, केंद्रात नाही. तुम्हाला आठवणारे दिवस उघडून डोळ्यांनी बघा : गारपिटीचा दिवस, सगळ्यात थंड रात्र, ओढ्याला पूर आला तो दिवस. तिथल्या खऱ्या नोंदींवर ४ पडला असेल तर मर्यादा सैल करा.

मग प्रतीवर मुद्दाम चुका पेरा. एक ८५, एक −९९९९, दहा तासांचं गोठलेलं तापमान, साडेपाच तासांनी सरकवलेला एक दिवस, तीन अंशांनी वाढवलेला एक आठवडा. कोणती तपासणी कोणती चूक पकडते ते लिहून ठेवा. तीन अंशांचा आठवडा टप्पा ६ शिवाय सहसा सुटतो, तुमच्याकडे शेजारचं केंद्र नसेल तर पडताळलेला तापमापक वर्षातून दोनदा सेन्सरशेजारी टांगून आठ दिवस ठेवावा लागेल.

मर्यादा बदललीत की बदलाची तारीख ठेवा, म्हणजे जुन्या खुणा कोणत्या नियमानं पडल्या ते कळतं. आणि पहिलं वर्षभर एक साधा पर्जन्यमापक केंद्राजवळ बसवून रोज सकाळी साडेआठला त्याचं पाणी मोजायला गावातलं एक विश्वासू माणूस शोधा. सुट्टी असली तरी, आणि पाऊस नसला तरी त्यानं वहीत ‘०’ लिहायला हवं, जागा कोरी सोडायची नाही.